मासा, दोन डोळे आणि पाव मीटर : कातळशिल्पाच्या स्टिरिओ फोटोच्या नोंदी

३ नोव्हेंबर

दोन वर्षांपूर्वी राजापूर तालुक्यातल्या एका सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, कातळात कोरलेला मासा पाहिला. लांबी साधारण माझ्या छातीपर्यंत, आणि आतला भाग दोन-तीन सेंटीमीटर खोल कोरून काढलेला. समोर उभं राहिलं की तो खड्डा कळतो. फोटोत मात्र जांभ्यावर कोणी कोळशाने मासा काढल्यासारखा दिसतो. डिजिटलवर चाळीस-पन्नास फोटो आहेत, सगळे तसेच. कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, उक्षी ही ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेल्यापासून लोकांची ये-जा वाढली आहे. हा मासा त्यांच्यापैकी नाही, आणि गावाचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही.

घरात ४×५ इंच फिल्मचा मोनोरेल कॅमेरा पडून आहे: एका दांडीवर पुढे लेन्स, मागे फिल्म, मधे कापडी भाता, आणि दोन्ही टोकं वेगवेगळी सरकतात. १५० मिमीची लेन्स, भाता ठीक, एका कोपऱ्यात काळी टेप. बेत असा: माशाचे दोन फोटो, एक डाव्या डोळ्याच्या जागेवरून, एक उजव्या. मग दोन्ही डोळ्यांना आपापला फोटो दिसेल अशी पेटी.

फिल्म महाग, म्हणून चाचण्या एक्स-रे फिल्मवर. ८×१० चा डबा आणला. लाल दिव्यात एका शीटचे चार तुकडे होतात, पण होल्डरमध्ये बसायला प्रत्येकाची कड दीडेक मिलिमीटर छाटावी लागते. दोन्ही बाजूंना इमल्शन (उजेड टिपणारा थर) असल्यामुळे ट्रेमध्ये नुसता नखाचा स्पर्श झाला तरी ओरखडा.

९ नोव्हेंबर

जेवणाच्या टेबलावर पहिली चाचणी. तांब्या, पेला, खलबत्ता. सगळ्यात जवळची वस्तू १ मीटरवर. जुना ठोकताळा असा की दोन जागांमधलं अंतर जवळच्या वस्तूच्या अंतराच्या तिसाव्या भागाइतकं ठेवावं. म्हणजे ३३ मिमी.

पहिल्यांदा आळस केला. कॅमेरा ३३ मिमी सरकवला आणि तांब्या पुन्हा मध्यावर यावा म्हणून थोडा वळवला. डोळे बघताना तसेच वळतात की, असा विचार. तो चुकीचा ठरला. कॅमेरा वळला की फिल्मही तिरपी होते. मग डाव्या फोटोत टेबलाची एक कड मोठी आणि उजव्यात दुसरी. कोपऱ्यांतल्या वस्तू दोन फोटोंत वर-खाली होतात, आणि डोळ्यांना आडवा फरक पचतो, उभा पचत नाही.

मोनोरेलवर यावर सरळ उपाय आहे. काहीही वळवायचं नाही, फक्त सरकवायचं. लेन्स ३३ मिमी सरकवली आणि फिल्मचा भाग ३९ मिमी, की तांब्या मागच्या दुधी काचेवर होता तिथेच राहतो. वरचे ६ मिमी कुठून आले: लेन्सपासून फिल्म १७६ मिमीवर, वस्तू १००० वर, आणि ३३ ला त्या प्रमाणाने गुणलं की ५.८. छोट्या कॅमेऱ्याला हे जमत नाही. एवढं लाकूड-लोखंड वाहायचं ते याचसाठी, असं बायकोला सांगितलं. तिने तांब्या परत मागितला.

१० नोव्हेंबर

प्रिंट हातात आहेत, पण बघायच्या कशा? ४×५ च्या दोन प्रिंट शेजारी ठेवल्या तर त्यांचे मध्य १२ सेंटीमीटर लांब. माणसाच्या डोळ्यांत अंतर साधारण साडेसहा. डोळे आत वळतात, बाहेर फाकत नाहीत. जुन्या स्टिरिओ कार्डांवरचे फोटो अरुंद असतात ते उगाच नाही.

मोठ्या प्रिंटसाठी सगळ्यात जुनीच युक्ती लागू पडते. चार्ल्स व्हीटस्टनने १८३८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलेली: नाकासमोर काटकोनात दोन आरसे, चित्रं डाव्या-उजव्या बाजूला समोरासमोर उभी. तेव्हा फोटोग्राफी जाहीरही झाली नव्हती, ती पुढच्या वर्षी. त्याने रेघांच्या आकृत्या वापरल्या होत्या. म्हणजे फोटो बघायचं हे यंत्र फोटोच्या आधीचं.

आज रविवार, म्हणून जुना बाजार. साधा आरसा चालत नाही, मुलामा काचेच्या मागे असल्याने एक फिकट दुसरी प्रतिमा दिसते. मुलामा समोरच्या बाजूला असलेला आरसा हवा, आणि तो मोडीतल्या झेरॉक्स मशीनमध्ये असतो. अडीच-तीन सेंटीमीटर रुंदीच्या लांब पट्ट्या मिळाल्या. विकणाऱ्याने शर्टाच्या बाहीने पुसून चकचकीत करून दिल्या. मी ओरडेपर्यंत एकीवर बारीक ओरखड्यांची जाळी झाली होती. दुसरीतून दोन तुकडे निघाले.

१६ नोव्हेंबर

पेटी उभी राहिली. एमडीएफ, दोन आरसे, बाजूंना प्रिंट ठेवायला खाचा. डोळ्यापासून आरशावरून प्रिंटपर्यंत ३० सेंटीमीटर, कारण त्याहून जवळचं मला चष्म्याशिवाय दिसत नाही.

आरशात डावं-उजवं उलटतं. म्हणून प्रिंटही उलट्या काढायच्या: निगेटिव्ह कागदावर पालथी घालून, चिकटवून तेवढ्याच आकारात छापायची (कॉन्टॅक्ट). थोडी धार जाते. बल्ब लहान आणि उंचावर टांगला की फारशी जात नाही.

तांब्या दिसला. अगदी हात घालावा असा. पण आईने बघून विचारलं, "तांब्याला आतून काठ कसा?" प्रिंट अदलाबदल झाल्या होत्या. डाव्या डोळ्याला उजवा फोटो गेला की पुढचं मागे जातं. तांब्याचा साचा दिसत होता, तांब्या नव्हे. आणि गंमत म्हणजे मला तो बराच वेळ तांब्याच वाटत होता. तांब्या कसा असतो हे मला आधीच माहीत, आणि डोळ्यांनी सांगितलेलं मी ऐकलंच नाही. माशाच्या बाबतीत हे ध्यानात ठेवायला हवं.

२४ नोव्हेंबर

माशाचं गणित. कॅमेरा २ मीटर उंचीवर, थेट खाली बघणारा. फिल्मवर साधारण १.२ × १.५ मीटरची जागा येते. खोली ३ सेंटीमीटर धरली आणि दोन फोटोंमधलं अंतर डोळ्यांइतकं, ६५ मिमी, तर काठ आणि तळ यांच्यातला फरक फिल्मवर ०.०८ मिमी. डोळ्याला कळायला पुरतो, पण जेमतेम. फोटो सपाट का वाटतात याचं उत्तर इथे आहे. प्रत्यक्ष जागेवर आपण वाकतो, चालतो, डोकं हलवतो.

शेजारच्या इमारतीत भूशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक राहतात. त्यांच्याकडे हवाई छायाचित्रं बघायचा आरशांचा स्टिरिओस्कोप आहे, म्हणून गेलो. त्यांनी एक जोडी लावून दिली. घाटाची धार एकदम अंगावर आली. विमानातून ओळीने काढलेले फोटो एकमेकांवर ६० टक्के चढलेले असतात. सर म्हणाले, "अहो, विमानातून बघताना आपले दोन डोळे शेकडो मीटर लांब असतात. तुम्ही साडेसहा सेंटीमीटर धरून काय बसलाय? तुमचा मासा सपाट, त्याच्या मागे डोंगर नाही की समोर झाड नाही. फाकवा."

बरोबर आहे. तिसाव्या भागाचा नियम मागे क्षितिज असेल तेव्हाचा. इथे सगळं दृश्य दोन मीटर ते दोन मीटर तीन सेंटीमीटर एवढ्यातच. पाव मीटर फाकवलं तर फरक ०.३ मिमी होतो, तरी डोळ्यांच्या सोसण्याच्या मर्यादेपासून खूप दूर. फोटो फिल्मवर २० मिमी सरकेल, पण फिल्म त्याच दिशेला तेवढी आणखी सरकवली की काम झालं. टेबलावरच्या तांब्याचाच हिशोब.

घरी येताना मनात एक खुपलं. फाकवलेले डोळे म्हणजे खोटी खोली नव्हे काय? मासा आहे त्याहून खोल दाखवून मी नेमकं कशाचं दस्तऐवजीकरण करणार?

१ डिसेंबर

सरकपट्टी. सुतारकाकांनी दोन ड्रॉवर चॅनल लावून झकास करून दिली. हाताला एकदम मऊ. पण कॅमेऱ्याचं वजन आलं की एका टोकाला ती डुलते, आणि काचेवर दीड मिलिमीटर उभा फरक. मला ०.३ मोजायचाय.

१४ डिसेंबर

चॅनल काढून टाकलं. आता ॲल्युमिनियमच्या दोन चौकोनी नळ्या समांतर, त्यांच्यावर कॅमेरा बसलेला आणि लेन्स मधल्या फटीतून खाली. नळ्यांची टोकं दोन घडीच्या शिड्यांवर. सरकवताना कॅमेऱ्याची कड नळीवर ठोकलेल्या पट्टीला घासून जाते. खरखर आवाज येतो, पण हलत नाही. काका म्हणाले, "दिसायला गवंडीकाम झालं." पाणसळ मात्र आता दोन्ही टोकांना एकच बुडबुडा दाखवते.

लेन्सला ओळंबा बांधून बघितला. फिल्म जमिनीला समांतर आहे की नाही ते पाणसळ सांगते, पण आपण माशाच्या बरोबर मध्यावर आहोत की नाही ते ओळंबाच सांगतो.

२५ जानेवारी, राजापूर

पुण्याहून कोल्हापूर, अणुस्कुरा घाट. टपावर दोन शिड्या बघून चहावाल्याने विचारलं, "लायटिंगचं काम का?" भाचा सोबत आहे, शिडी धरायला.

सड्याच्या मालकांना आधी फोन केला होता. आजोबा स्वतः आले. शिडीच्या पायांना रबर आणि खाली गोणपाट, कोरलेल्या भागावर पाय नाही, वाळलेलं गवत उपटायचं नाही, असं ठरवून घेतलं. हे ठरवताना ते आमच्यापेक्षा कडक होते.

संध्याकाळचा तिरपा उजेड धरून आलो होतो. सव्वापाचच्या सुमाराला सूर्य क्षितिजापासून १५ अंशांवर. माशाच्या काठाची सावली आत पडली आणि कल्ले, शेपटी, पाठीवरची रेघ सगळं उमटलं. शिड्या सूर्याच्या रेषेत लावल्या तर त्यांचीच सावली माशावर, म्हणून नळ्या तिरक्या घेतल्या. तरी एका कोपऱ्यात शिडीचा पाय आलाच.

उजवा फोटो आधी घेतला. सरकवलं, फिल्म आणखी पुढे घेतली, आणि डार्क स्लाइड (फिल्मवरची झाकणपट्टी) ओढताना वाऱ्याने काळं कापड लेन्सवर. मग पुन्हा सगळं तपासणं. डावा घेईपर्यंत चार मिनिटं गेली. भाच्याने घड्याळ बघून लिहून ठेवलं, म्हणून पुढचं कळलं.

२ फेब्रुवारी

निगेटिव्ह धुऊन आल्या. दोन गोष्टी.

पहिली आधीच कळायला हवी होती. एक्स-रे फिल्मला हिरवं-निळं दिसतं, लाल दिसत नाही. म्हणून तर ती लाल दिव्यात कापता येते. आणि मी तिच्यावर काय काढायला गेलो? जांभा! तांबडा दगड काळाठिक्कर, त्यावरचे शेवाळाचे ठिपके पांढरेफटक. माशाला कोड फुटल्यासारखं दिसतंय.

दुसरी जास्त मजेची. पेटीत लावलं आणि मासा खोल दिसलाच, पण काठाची सावली दगडावर पडलेली नव्हती. ती दगडाच्या वर, हवेत तरंगत होती. कापडाचा तुकडा ताणून धरावा तशी.

कागदावर मांडलं. तीन सेंटीमीटर काठाची सावली सूर्य १५ अंशांवर असताना ११.२ सेंटीमीटर. चार मिनिटांत सूर्य जवळजवळ एक अंश उतरतो, सावली १२ च्या आसपास. फिल्मवर ०.६ मिमी. आमच्या नळ्या तिरक्या होत्या, म्हणून त्यातला सरकण्याच्या दिशेतला भाग ०.४५. माशाची खरी खोली ०.३! पाव मीटर फाकवून मिळवलेल्या फरकापेक्षा सावलीची चाल मोठी. सावली उजवीकडे वाढत होती आणि डावा फोटो नंतरचा, म्हणून ती वर आली. डावा आधी घेतला असता तर दगडात बुडाली असती, आणि मी ती माशाची खोली समजून खूश झालो असतो. ते जास्त वाईट झालं असतं.

म्हणजे तिरपा उजेड आणि एकच कॅमेरा यांचं जमत नाही. दोन कॅमेरे, नाहीतर सावलीशिवायचा उजेड. दोन कॅमेरे घरात आणायचा विषय काढला नाही.

९ फेब्रुवारी

खोट्या खोलीचा प्रश्न आठवडाभर डोक्यात होता. माशाची खोली मी जागेवर पट्टीने मोजली होती: मध्याला २.५ सेंटीमीटर. पेटीत ती त्याच्या दुप्पट वाटते, विहिरीसारखी. मी पाव मीटरला दोष देत होतो. तपासायला १३० मिमीची जोडीही लावली (त्या संध्याकाळी तीही काढली होती). खोली कमी जाणवली, पण मासा मोठाही वाटला, आणि रुंदीच्या मानाने खड्डा तेवढाच खोल. मग पुन्हा कागद.

डोळे चौपट फाकवले की खोली ताणली जात नाही, सगळं दृश्य चौथा हिस्सा होतं. दोन मीटरवरचा सव्वा मीटरचा मासा अर्ध्या मीटरवरचा फूटभर मासा होतो. लांबी, रुंदी, खोली, सगळं एकाच प्रमाणात. खोटं असेल तर ते आकारमानात आहे. ताण दुसरीकडून येतोय: माझी पेटी प्रिंट ३० सेंटीमीटरवरून दाखवते, आणि लेन्सने ती १६.२ सेंटीमीटरवरून बघितली आहे. तीस भागिले १६.२, साधारण १.८५. पट्टीचे अडीच सेंटीमीटर साडेचारच्या पुढे गेलेले दिसतात ते यामुळे.

म्हणजे दोष कॅमेऱ्यात नव्हताच, माझ्या चाळिशीच्या चष्म्यात होता.

१५ फेब्रुवारी

चष्म्याच्या दुकानातून +६ नंबरच्या दोन गोल काचा घेतल्या. दुकानदाराने माझ्याकडे काळजीने बघितलं. पेटी कापून लहान केली: डोळ्यापासून आरसा ४ सेंटीमीटर, आरशापासून प्रिंट १२. नाक अडकतं. रंध्याने खोबण वाढवली.

जुनीच जोडी लावली. खड्डा एकदम उथळ झाला, आणि पहिल्यांदाच वाटलं की हो, हा तोच. कडा मुळात अशाच होत्या, बोथट, थोड्या आत कललेल्या, पावसाने झिजलेल्या. आधीच्या पेटीत त्या छिन्नीने कालच मारल्यासारख्या दिसत होत्या.

सावली अजून तरंगते आहे.

२३ फेब्रुवारी, सडा

पहाटे साडेपाचला शिड्या लावल्या, बॅटरीच्या उजेडात. या वेळी इलफर्ड एचपी५, ४०० स्पीडची, लाल दिसणारी. चार शीट, त्याहून जास्त परवडत नाहीत.

सूर्योदय सातच्या किंचित आधी. सहा पस्तीसपासून आकाश पुरेसं उजळ, सावली कुठेच नाही. मासा जवळजवळ नाहीसा झाला होता. भाचा म्हणाला, "मामा, काहीच दिसत नाहीये, कशाचा फोटो काढताय?" मला तेच हवं होतं. एका डोळ्याला जे दिसत नाही ते दोन डोळ्यांना दिसतं की नाही, ते आता कळेल.

एफ/३२, मोजलेले २ सेकंद, लांबलेल्या भात्यामुळे घटणारा उजेड आणि मंद उजेडातला फिल्मचा आळस धरून ३. होल्डर आधीच क्रमाने लावलेले, काळं कापड चिमट्याने बांधलेलं. पाव मीटरची जोडी ५० सेकंदांत. उरलेल्या दोन शीटवर ६५ मिमीची जोडी. ती का काढली ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

आजोबा चहा घेऊन आले. सोबत पेटी नेली होती, जानेवारीची जोडी लावून त्यांना दिली. त्यांनी बराच वेळ बघितलं, मग डोकं बाजूला काढून खऱ्या माशाकडे बघितलं, परत पेटीत.

"मासा तोच," ते म्हणाले. "पण याचं पिल्लू झालंय."

२ मार्च

एचपी५ च्या चारही निगेटिव्ह चांगल्या. जांभा जांभ्यासारखा. दोन फोटोंमध्ये उजेड वाढल्यामुळे दुसरी किंचित दाट, ती छापताना सांभाळली.

पाव मीटरची जोडी: एक प्रिंट नुसती बघितली तर डाग पडलेला दगड. पेटीत घातली की मासा खाली जातो. सावलीची मदत अजिबात नाही, आणि शेपटीजवळ एक उथळ रेघ दिसली जी संध्याकाळच्या उजेडात सावलीखाली गाडली गेली होती. ती कोरलेली आहे की दगडाची नैसर्गिक भेग, यावर मत देत नाही. पुढच्या खेपेला बोट फिरवून बघणार.

६५ मिमीची जोडी: खोली अगदी नाममात्र. पण मासा मोठा आहे. दोन मीटर खाली, शिडीवरून वाकून बघावं तसा, सव्वा मीटरचा.

अभ्यासाला पहिली जोडी. आजोबांना दुसरी पाठवतोय, पेटीसकट. माझ्यासाठी दुसरी पेटी करायला आरशाचा तुकडा उरलाय.

प्रिंटच्या मागे पेन्सिलीने ठळक "डा" आणि "उ" लिहिलंय. शिवाय वरच्या कडेला बाण. उलटे लागले तर मासा खड्ड्यातून उठून फुगतो, आणि आजोबा फोन करतील.